शिरा पडो

“डावीकडे! गो नमू, डावीकडे जा!”

आमचे प्रशिक्षक गवंडे सर रेषेबाहेरून घसा फोडून ओरडत होते. त्यांचं चुकत नव्हतं. पुण्याचा डावा कोपरा त्या दिवशी मऊ पडलाय हे मलाही दिसत होतं. मी उजवीकडे गेले.

महिलांच्या राज्य अजिंक्यपद कबड्डीचा अंतिम सामना, सिंधुदुर्ग विरुद्ध पुणे. आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि ही शेवटची चढाई होती. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला मी पायाच्या अंगठ्याने शिवलं आणि वळायच्या आत तिने माझा घोटा दोन्ही हातांनी धरला. मधल्या दोघी कमरेवर कोसळल्या. तोंडात कबड्डी कबड्डी चालू, छाती फुटायला आलेली, आणि मध्यरेषा हाताच्या अंतरावर. मग तो पाय सुटला. कमरेवरच्या दोघींना तशीच ओढत मी पालथी पडले, तेव्हा माझी बोटं रेषेपलीकडे होती. तिघीही बाद. तीन गुण. सिंधुदुर्ग राज्य विजेता, आमच्या जिल्ह्यातल्या मुली पहिल्यांदाच.

मी फुशारकी मारत नाही, पण तशी चढाई मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. स्वतःचीसुद्धा नाही.

पण त्या चढाईबद्दल तुम्ही काही ऐकलेलं नसणार. ऐकलं असेल ते त्यानंतर दोन मिनिटांनी घडलं ते. सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेने हात मिळवत होते. पुण्याच्या संघात शमिका तारी होती. ती मूळची आमच्याच गावची, देवगडकडची. लहानपणी आम्ही दोघींनी खाडीकाठच्या एकाच मैदानात माती खाल्ली. पुढे तिला पुण्याच्या क्रीडावसतिगृहात जागा मिळाली आणि ती पुण्याकडून खेळायला लागली. तो मऊ पडलेला डावा कोपरा तिचाच. शमी माझ्यासमोर आली, गळ्यात पडली आणि कानाशी काहीतरी बोलली. मी तिला खांद्याला धरून मागे ढकललं आणि मोठ्याने म्हणाले,

“शिरा पडो तुझ्या तोंडार!”

वाहिनीचा कॅमेरा आणि माइक आमच्या नाकाशी होता. शमीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही कॅमेऱ्याने नीट टिपलं. झालं.

आता शिरा म्हणजे काय ते सांगते. शिरा म्हणजे काटेरी फांद्या. पूर्वी पुरलेल्या मढ्यावर कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्या टाकत, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. म्हणजे अर्थ काढायला बसलं तर तो भयंकरच निघतो. पण मालवणी मुलखात अर्थ काढायला बसतं कोण? आमच्याकडे दूध उतू गेलं तरी शिरा पडते. नातू परीक्षेत पहिला आला तरी आजी कौतुकाने त्याच्या तोंडावर शिराच घालते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते आठ-दहा सेकंद महाराष्ट्रभर फिरले. “पराभूत खेळाडूला मैदानातच मरणाचा शाप” असा मथळा एका वाहिनीने दिला. दुसऱ्या वाहिनीवर एक गृहस्थ ‘खेळातली वाढती विकृती’ या विषयावर तासभर बोलले. एका वर्तमानपत्रात चषक उचलतानाचा फोटो आला खरा, पण त्यात माझ्या तोंडाभोवती लाल गोल काढलेला होता. चषक अर्धा कापला गेला होता.

आमच्या अंगणातही एक वार्ताहर कॅमेरामन घेऊन उगवला. आई सुकट निवडत बसली होती. त्याने विचारलं, “तुमच्या मुलीने असा शाप द्यायला नको होता असं तुम्हाला वाटतं का?”

“शाप? कसलो शाप?” आई म्हणाली. “ह्या तर आमी घरात उठल्या-बसल्या बोलतो.”

“पण टीव्हीवर सगळे म्हणतायत की...”

“शिरा पडो त्या टीव्हीवाल्यांच्या तोंडार!”

संध्याकाळी तेही दाखवलं. खाली पट्टी होती: ‘आईकडूनही शापवाणी’. बाबा हसून हसून खोकत राहिले. मीही हसले, पण मला आतून रडू येत होतं. राग शापाच्या बातमीचा नव्हता. गाव, शेजार, दूरचे नातेवाईक, बँकेतले सहकारी, सगळे एकच विचारत होते, “तू असं का बोललीस?” तो पाय तू सोडवलास कसा, असं एका माणसाने विचारलं नाही. मी सव्वीस वर्षांची होते, बारा वर्षं मातीत लोळत होते आणि ज्या दिवशी माझ्या हातून सर्वात मोठी गोष्ट घडली, त्या दिवसाचं नाव ‘शिरा प्रकरण’ पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी संघटनेकडून गवंडे सरांना फोन आला. भारतीय संघाच्या शिबिराच्या यादीत माझं नाव होतं, पण ते राखून ठेवलं होतं. मुंबईत शिस्तपालन समितीपुढे मी खुलासा करायचा. समाधान झालं तर शिबिर, नाही तर वर्षभर बंदी. कबड्डीत सव्वीस वर्षांच्या मुलीला वर्षभर बसवलं की ती कायमची बसते, हे समितीलाही कळत होतं आणि मलाही.

त्याच दुपारी शमीचा फोन आला.

“नमू, मी येतंय मुंबयक. सांगतंय त्येंका मी काय बोल्लंय ता.”

“काय गरज नाय.”

“अगो, तुझा शिबिर जातला!”

“आणि तुझा काय जातला?”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“शमे, तू फक्त लिहून दी की तुका राग येवक नाय. त्यापुढे तोंड उघडलंस तर बघ. मग खरीच शिरा घालीन.”

ती रडत रडत हसली आणि तिने फोन ठेवला. तिने तेवढंच लिहून दिलं. ती माझ्या कानाशी काय बोलली होती, ते मी आईलाही सांगितलं नव्हतं.

खुलासा काय करायचा, हा प्रश्न मात्र उरलाच. तो सोडवला पुण्याच्या एका निवेदिकेने, तिच्याही नकळत. टीव्हीवरच्या चर्चेत तिने निरागसपणे विचारलं, “पण शिरा म्हणजे आपला गोडाचाच ना? मग तो तोंडात पडला तर वाईट काय?” सगळे तिला हसले. गवंडे सर मात्र खुर्चीतून उठलेच.

“नमू, देव पावलो! गोडाचो! तू मैत्रिणीक म्हटलंस, तुझा तोंड गोड होवो. संपलो विषय!”

“सर, ह्या कोणाक तरी पटात काय?”

“समितीत मालवणी कोण आसा? बोधनकर बाई अमरावतीच्या, वकील निंबाळकर फलटणचे. त्येंका काय कळता?”

मला ते खोटं मनापासून आवडलं. कुणाचं त्यात नुकसान नव्हतं, कुणाचं नाव येत नव्हतं, आणि वाहिन्यांची फजिती होणार होती. एसटीत बसल्यापासून मी तेच वाक्य शुद्ध मराठीत घोकत होते.

समितीच्या खोलीत शिरले आणि दारातच थबकले. लांबट टेबलामागे मधोमध अध्यक्षा लीलाताई बोधनकर, डावीकडे ॲडव्होकेट निंबाळकर, आणि उजवीकडे, आयत्या वेळी तिसरे सदस्य म्हणून बोलावलेले, नारायण खोबरेकर.

खोबरेकर सर म्हणजे कबड्डीतले जुने पंच. राहणार मालवण. त्यांनी एका अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीला बाद दिलं होतं, आणि त्या वर्षी बहिणीने भाऊबिजेला दार उघडलं नाही, असं सांगतात. तरी निर्णय बदलला नाही. या माणसाला मी शिरा खायला घालणार होते.

लीलाताई मायेने बोलत होत्या. त्यांना प्रकरण लवकर मिटवायचं होतं, ते दिसत होतं.

“हे बघ नमिता, घाबरू नकोस. तू जे बोललीस त्याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग.”

मी घोकलेलं सांगितलं. शिरा म्हणजे रव्याचा, शमिका माझी बालमैत्रीण, तिचं तोंड गोड व्हावं अशी शुभेच्छा. निंबाळकर वकिलांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. लीलाताईंनी तर सुटकेचा श्वासच सोडला.

“म्हणजे एवढ्यासाठी सगळा महाराष्ट्र...” त्या म्हणाल्या. “खोबरेकर, तुम्ही तर तिकडचेच. तुम्हाला काही विचारायचंय?”

खोबरेकरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघत हळू आवाजात, लेकीशी बोलावं तसं, माझ्या आईबद्दल विचारलं,

“चेडवा, तुझी आवस संकष्टीक नैवेद्याक काय करता?”

“शिरो,” मी म्हणाले.

आणि जीभ चावली.

“शिरो,” ते म्हणाले. “आपण गोडाच्या शिऱ्याक शिरो म्हणतो. आणि तो तोंडात पडता, तोंडार नाय. तू काय म्हटलंस?”

“काय विचारताय तुम्ही?” लीलाताईंनी विचारलं. “आम्हालाही कळू द्या.”

“नैवेद्याबद्दल बोलतोय ताई. एक मिनिट.” लीलाताई आणि निंबाळकर तेवढ्यात निकालाचा मसुदा करायला लागले, आणि ते परत माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, पण आता पंचाचा होता. “माका शिकवू नको. शिरा कोण कोणाक घालता, ता माका म्हायत आसा. समोरचा माणूस कायतरी अभद्र बोल्ला, की आपण तेच्या तोंडार शिरा घालतो. म्हणजे आधी ती काय तरी बोल्ली. काय बोल्ली?”

साऱ्या महाराष्ट्राने ते वाक्य ऐकलं होतं. त्याच्या आधी एक वाक्य असलं पाहिजे हे ओळखणारा हा एकटाच. आणि नेमका तोच माझ्यासमोर बसला होता.

“नाय सांगणार,” मी म्हणाले.

“मगे माका लिहूचा लागात, की खेळाडूने खोटा सांगितल्यान आणि खरा सांगूक नकार दिल्यान. म्हणजे बंदी. कळता?”

“कळता.”

“शिबिर गेला.”

“जांवदे,” मी म्हणाले.

मग खोबरेकर बाकीच्या दोघांकडे वळून म्हणाले, “मला तो सामना बघायचाय.”

“क्लिप आपण पाहिलीय की,” निंबाळकर म्हणाले.

“क्लिप नको. शेवटची चढाई लावा. तिथून पुढे.”

शिपायाने भिंतीवरच्या पडद्यावर फिल्म लावली. मीही ती पहिल्यांदाच बघत होते. उजवा कोपरा, अंगठा, घोटा, कमरेवरच्या दोघी, सुटलेला पाय, रेषा.

“अरे बाप रे!” निंबाळकर खुर्चीत पुढे सरकले. “ही तू?”

“तीन?” लीलाताईंनी विचारलं. “एका चढाईत तीन? अगं, हे आम्हाला कुणी दाखवलंच नाही!”

पण खोबरेकर माझ्याकडे बघतच नव्हते. ते उठून पडद्याजवळ गेले होते आणि मैदानाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होते. “परत लावा,” ते म्हणाले. परत लावली. पडद्यावर गवंडे सर डावीकडे हात करून ओरडत होते. डाव्या कोपऱ्यात शमी उभी होती. उजव्या पायाची टाच तिने जमिनीला टेकवलेलीच नव्हती. इतर सगळ्या माझ्या अंगावर धावल्या, तेव्हाही ती जागची हलली नाही. हलू शकत नव्हती.

मी ते उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. एका पकडीत शमीचा गुडघा आतल्या आत फिरला होता, पण ती कुणालाच न सांगता उभी राहिली होती. मी डावीकडे गेले असते तर तिला माझ्यावर झेप घ्यावी लागली असती, आणि तिने ती घेतली असती. सामन्यानंतरच्या सोमवारी तिची सरकारी नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी होती. खेळाडूंच्या राखीव जागेतून निवड झालेली, सगळे कागद पूर्ण, एवढीच पायरी उरलेली. तिचे बाबा समुद्रात बुडाल्यापासून तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मैदानातून तिला उचलून न्यावं लागलं असतं, तर ती बातमी नोकरीच्या आधी पोचली असती. आणि खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी सामना सोडला वगैरे काही नाही. मला सामना हवाच होता. उजवीकडूनही माझ्याने जमेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हात मिळवताना ती कानाशी म्हणाली होती, “नमू, गुडघो गेलो माझो. मी संपलंय.” अशा बोलण्यावर आमच्याकडे दुसरं काय म्हणतात?

आज शमी त्या नोकरीत कायम झालीय, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन हंगाम खेळलीसुद्धा, म्हणून हे सांगायला हरकत नाही. त्या खोलीत मात्र ते माझ्या ओठांवर येऊन चालणार नव्हतं. खोबरेकर पडद्यापासून वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पंचाला खेळाडूच्या पायातलं कळतं. मी फक्त मान हलवली. नको, सर.

ते जागेवर येऊन बसले. पुन्हा चष्मा काढला, पुन्हा पुसला.

“मग खोबरेकर, काय म्हणता?” लीलाताई म्हणाल्या. “अर्थाबद्दल तुमचाच शब्द शेवटचा. आम्ही काही मालवणी नाही.”

खोबरेकरांनी घसा खाकरला.

“गोडाचाच,” ते म्हणाले. “आमच्याकडे शिरा म्हणजे गोडाचाच. मुलगी बरोबर सांगतेय.”

लीलाताईंनी टाळीच वाजवली. निंबाळकरांनी बाहेर थांबलेल्या पत्रकारांसाठी दोन ओळी तिथेच सांगून टाकल्या. शिबिराच्या यादीत माझं नाव परत गेलं. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि खोबरेकरांच्या पायांशी वाकले.

बाहेर कचेरीच्या लांबलचक व्हरांड्यात ते माझ्या मागून आले.

“राखीव जागांच्या यादीत तेचा नाव वाचलंय मी. ता चेडू तपासणीक सोमवारी जाता ना?”

“होय सर.”

“तेका सांग, ऑपरेशन वेळेवर करून घी. गुडघ्याचा दुखणा लपवल्यान तर वाढता.” मग म्हणाले, “चाळीस वर्सां पंच होतंय. आज पयल्यांदाच जाणून चुकीचो निर्णय दिलंय.”

“सर, माझ्यामुळे...”

“गप. ता माझा मी बघीन.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम त्यांचा चेहरा पोरासारखा झाला. “तू माका एक सांग. मी दोनदा बघितलंय, माका कळूक नाय. घोटो दोन्ही हातांनी धरलेलो, वर दोघी बसलेल्यो. तो पाय सुटलो कसो?”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतके दिवस अडवलेलं सगळं तिथे आलं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

“ओढूचो नाय, सर,” मी ओढणीने डोळे पुसत म्हणाले. “ओढलो की पकड घट्ट होता. तो तिकाच देवचो. एकदम आत. तिचे हात क्षणभर सैल पडतत, तेवढ्यात टाच फिरवची.”

“तोंडान सांगू नको,” खोबरेकर म्हणाले. “दाखव.”

मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि चपला काढल्या. व्हरांड्यात फायली घेऊन चाललेले दोघे-तिघे जागीच थांबले. लीलाताई दार उघडून बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सत्तरीच्या त्या माणसाने धोतराचा सोगा खोचला, फरशीवर एक गुडघा टेकला आणि माझा घोटा दोन्ही हातांनी असा आवळला, की मला क्षणभर कळ आली.

“आता सुटान दाखव.”

मी दम घेतला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

आणि मी सुटले.